कॉफीच्या आधीचं व्रत

आमच्या तंजावुरात मला लग्नाचं आमंत्रण येत नाही. माझं कुणाशी भांडण नाही आणि आहेर द्यायला मी कधी मागे राहिलेली नाही. मी मनोविकारांची डॉक्टर आहे, एवढंच कारण. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी जी घरं उरली आहेत, ती सगळी कुठून ना कुठून एकमेकांची नातेवाईक. अशा मांडवात मी पहिल्या रांगेत जाऊन बसले, की दुसऱ्या बाजूची माणसं कुजबुजायला लागतात, ह्या बाई कुणाच्या ओळखीच्या, आणि ओळख कशी झाली? तेव्हा लग्न पार पडल्यावर कुणीतरी मागच्या दाराने फराळाचं पुडकं आणून देतं. मुरुक्कू, अदिरसम, लाडू. "राग करूं नका अक्का," असं हळूच म्हणतं आणि जातं. मी राग करत नाही. एकट्या बाईला एक पुडकं बरेच दिवस पुरतं.

आपल्या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी नाही म्हणणार होते. पेशंटच्या गोष्टी चव्हाट्यावर कशा मांडायच्या? मग लक्षात आलं, आमच्याकडे घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारी माणसं शोधावी लागतात. मी पुण्यात शिकले म्हणून मला हे छापील मराठी येतं. म्हणजे तुम्ही जे वाचाल ते इथे शेजारच्या घरातही कळणार नाही. तरी नावं आणि ठिकाणं मी बदलली आहेत. सवय जात नाही.

माझ्या आयुष्याचा मोठा भाग लिथियम नावाच्या औषधाबरोबर गेला. हे औषध म्हणजे एक क्षार आहे, आपल्या मिठाचा लांबचा भाऊ. काही माणसांचं मन भरती-ओहोटीसारखं चालतं. भरती आली की झोप नको, अन्न नको, बोलणं थांबत नाही, सगळं जग आपल्याच मालकीचं वाटतं. ओहोटी लागली की अंथरुणातून उठवत नाही. लिथियम ही दोन्ही टोकं आवरून धरतं. माणूस नोकरी करतो, संसार करतो, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. इतकं गुणी औषध माझ्या पाहण्यात दुसरं नाही. पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते. रक्तातलं प्रमाण वाढलं तर विष होतं, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं. आणि वर्षानुवर्षं घेताना ते दोन ठिकाणी हळूच त्रास देऊ शकतं, मूत्रपिंडाला आणि गळ्यातल्या थायरॉइडला. म्हणून त्यांचीही तपासणी करत राहायची.

हे सगळं पुस्तकात असतं. एकादशी मात्र पुस्तकात नसते. आमच्याकडच्या कर्मठ घरांत एकादशीला पाण्याचा थेंबही घेत नाहीत. लिथियम घेणारा माणूस उन्हाळ्यात दिवसभर कोरडा राहिला, की त्याच्या रक्तातलं औषध चढतं. जवळच्याच पापनाशम गावचे एक आजोबा द्वादशीच्या सकाळी हात थरथरत, शब्द अडखळत माझ्यापुढे आले. बरे झाल्यावर मी म्हटलं, आजोबा, पाणी प्यायचं. ते म्हणाले, "पाणी पिलें तर एकादशी कसली?" मी त्यांच्या गुरुजींना गाठलं आणि औषधापुरतं पाणी चालतं असं त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. गुरुजींनी कुठला आधार काढला मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

थायरॉइडचं याहून अवघड. तिथे थरथर नसते, आरडाओरडा नसतो. हा गळ्यातला लहानसा अवयव शरीराच्या शेगडीची आच सांभाळतो. लिथियममुळे काही जणांचा, त्यातही बायकांचा, थायरॉइड मंद होतो. आच हळूहळू कमी होत जाते आणि ती कमी होताना कुणाला दिसत नाही. माणूस थंड पडतो, जड होतो, केस गळतात, चेहरा सुजल्यासारखा होतो, आवाज घोगरा होतो. मन तर पार विझून जातं. गंमत म्हणजे उपाय सोपा आहे. थायरॉइडची गोळी द्यायची आणि लिथियम चालू ठेवायचं. पण 'थायरॉइड' हा शब्द ऐकला की लोक मोबाइलवर वाचतात आणि घाबरून लिथियमच बंद करतात. मग पंधरा-वीस दिवसांनी मला फोन येतो, की हे घरातली भांडी रस्त्यावर वाटत आहेत.

कुमुदाची गोष्ट मात्र उलटी आहे. तिच्या घरच्यांना लिथियम नको नव्हतं. त्यांना त्याचा दुष्परिणाम हवा होता.

कुमुदा पापनाशमच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. रोज सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळी परत. तिचा नवरा सेतुराव बँकेत. तिला भरती आली ती चेन्नईला, त्याची बदली तिथे असताना. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात तिने भर मांडवात पुरोहितांचं मुहूर्ताचं गणित चुकीचं ठरवलं, आहेराच्या साड्या उचलून नादस्वरम वाजवणाऱ्यांना देऊन टाकल्या आणि खुर्चीवर उभी राहून भाषण केलं. सेतुराव तिला खाली उतरवत होता आणि मांडव हसत होता. पुढे तिला लिथियम सुरू झालं, ते लागू पडलं, आणि बदली करून घेऊन नवरा-बायको आणि त्यांची लेक रंजनी तंजावूरला परत आली. इथे कुणाला काही कळलं नाही. सेतुरावाच्या आईलासुद्धा, सून 'डोक्याला शांत ठेवणारी' गोळी घेते, एवढंच माहीत.

इथे आल्यापासून ती माझ्याकडे यायची. माझा दवाखाना घरातच आहे. पुढच्या खोलीत सेल्वी बसते, कित्येक वर्षांची माझी मदतनीस, आणि मागच्या गल्लीतून एक दार आहे. आमची मराठी माणसं मागच्या दाराने येतात आणि माझ्याशी मराठीत बोलतात, म्हणजे सेल्वीलाही कळू नये. सेल्वीला गेल्या दहा वर्षांत सगळं मराठी कळायला लागलं आहे, ही गोष्ट आम्ही दोघींनी गुपित ठेवली आहे.

तपासणी झाली की कुमुदा उठत नसे. कॉफी येई आणि पाव तास तिचं बोलणं चाले. गाडीतले प्रवासी, शाळेतल्या हेडबाई, वहीत उत्तर आधी लिहून मग गणित करणाऱ्या मुली, सगळ्यांच्या नकला. आवाज पातळ आणि लख्ख. माझे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा कॅनडात. फोनवर मी मराठी बोलते, त्याला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. घरात माझ्याशी आपल्या भाषेत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या पाव तासाची मी वाट पाहायची. डॉक्टरने पेशंटची अशी वाट पाहू नये, पण पाहायची.

मग ती येईनाशी झाली. तिच्याऐवजी सेतुराव येऊ लागला. हातात लिथियमच्या तपासणीचा कागद, आकडा ठीक. थायरॉइडची तपासणी मी लिहिलेली, ती केलेली नसे.

"बरी अहे तर कशाला अक्का?" तो म्हणाला. "बहुत शांत अहे. इतकी शांत कधीं नव्हती."

माझ्या धंद्यात 'शांत' हा शब्द ऐकला की मी सावध होते. घरच्यांना जे शांत वाटतं, ते आतून काय असतं याचा भरवसा नाही. मी त्याला सांगितलं, आता तिला पाहिल्याशिवाय गोळी लिहून देणार नाही.

ती आली तेव्हा मे महिना होता, ज्याला इथे कत्तिरी म्हणतात ते कडक उन्हाचे दिवस. या दिवसांत आमच्या गावात कुत्रीदेखील सावली सोडत नाहीत. कुमुदा लांब बाह्यांचा स्वेटर घालून आली. खुर्चीत बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "अक्का, फॅन बंद करतांत कीं?"

तो आवाज तिचा नव्हता. कुणीतरी घोंगडीखालून बोलावं तसा जाड, ओढलेला. चेहरा फुगलेला, भुवयांच्या कडा विरळ. शाळेत मुलींना ऐकू जात नाही म्हणून तिने कमरेला लावायचा माइक घेतला होता, हे सेतुरावाने सांगितलं, तेही कौतुकाने. मी तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर छोट्या हातोडीने ठोकलं. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्याने आळस केला. निरोगी माणसाचं पाऊल असा वेळ लावत नाही. रक्ताचा कागद यायच्या आधीच मला काय ते कळलं होतं.

कागद आला. थायरॉइड मंदावला की जो आकडा चढतो, तो खूपच वर गेला होता; थायरॉइड जवळजवळ झोपला होता. मी दोघांना समोर बसवून शेगडीची आच वगैरे सगळं सांगितलं. लिथियम चालू ठेवायचं, ही दुसरी गोळी जोडायची, थोडीपासून सुरुवात करून वाढवत न्यायची, काही महिन्यांत कुमुदा पहिल्यासारखी होईल.

'पहिल्यासारखी' म्हणताच सेतुरावाचा चेहरा बदलला. तो कुमुदाकडे न पाहता मला म्हणाला, "आवणीत रंजनीचं लग्न ठरलंय. तंवर थांबलें तर नाहीं चालत?"

आवणी म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराचा तमिळ महिना, अजून तीन महिने लांब. मला आधी नीट समजलंच नाही. त्याने समजावून सांगितलं. मुलाकडची मंडळी दोनदा घरी येऊन गेली होती. मुलीची आई किती सालस, किती कमी बोलणारी, म्हणून त्यांना फार पसंत पडली होती. आता हिला गोळी दिली आणि ही बोलायला लागली, हसायला लागली, आणि मांडवात काही झालं तर? तो बोलत होता आणि त्याचे हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. त्याच्या डोळ्यांसमोर चेन्नईचा तो मांडव होता, हे मला दिसत होतं. वाईट माणूस नव्हे तो. एवढ्या वर्षांत त्याने तिची गोळी एक दिवस चुकू दिली नव्हती. त्याला फक्त एक लग्न निर्धास्तपणे पार पाडायचं होतं.

"सेतुराव, ही शांत नाही," मी म्हटलं. "ही आजारी आहे. असं थांबवून ठेवलं तर हृदयाला त्रास होईल."

"पावम, बिचारी, तिला काय त्रास अहे?" तो म्हणाला. "कसलीच तक्रार करत नाहीं."

मी त्याला बाहेर सेल्वीजवळ बसायला सांगितलं. पेशंट कुमुदा होती आणि गोळी घ्यायची की नाही हे तिने ठरवायचं होतं. तिला विचारलं तर ती बराच वेळ हातांकडे पाहत राहिली. विचार तिच्यापर्यंत पोहोचायलाच वेळ लागत होता.

"होऊं दे अक्का लग्न," ती म्हणाली. "माझ्यामुळें अडूं नये. आतां अस्के जण मला चांगलं म्हणतात. सासूबाईसुद्धा."

"आणि तुला कसं वाटतं?"

ती म्हणाली, "रंजनीचं ठरलं त्या दिवशीं मला कळलं कीं हें आनंदाचं अहे. कळलं. वाटलं नाहीं." मग तिने विचारलं, "ती जाईल तेव्हां मला रडूं येईल कीं?"

"असंच ठेवलं तर नाही येणार," मी खरं ते सांगितलं. "गोळीने येईल. आणि हसूही येईल. त्यातलं फक्त रडू देईल अशी गोळी माझ्याकडे नाही."

ती हसली नाही, पण माझ्याकडे वर पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. "घेतें," ती म्हणाली. "पण ह्यांना सांगूं नका. घाबरतील. रोज माझं तोंड पाहत बसतील."

ती सज्ञान होती, तिचा आजार तिचा होता. मी कबूल केलं. पण खरी अडचण पुढेच होती, आणि ती आमच्या गावाची खास अडचण आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर तासभर तरी पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. कॉफी तर मुळीच नाही, कॉफीबरोबर ती अंगाला नीट लागत नाही. आता तंजावूरच्या माणसाला उठल्यावर तासभर कॉफी पिऊ नको म्हणणं म्हणजे श्वास जरा थांबून घे म्हणण्यासारखं आहे. माझे कितीतरी पेशंट गोळी कॉफीच्या घोटाबरोबर गिळतात आणि मग आकडा उतरत नाही म्हणून गोळीला नावं ठेवतात. कुमुदाच्या घरी तर सासूबाई पहाटे फिल्टरात कॉफीचं डिकॉक्शन टाकून, सगळ्यांना एकत्र बसवून पितळी डबरा-पेल्यांतून कॉफी देत. एक दिवस नको म्हटलं तर चालेल. रोज नको म्हटलं तर चौकशी होणार.

कुमुदा म्हणाली, "राहूं दे अक्का. नाहीं जमायचं."

तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "मुलीच्या लग्नासाठी तू व्रत धर. अंघोळ करून तुळशीला पाणी घालायचं, तेच तीर्थ घ्यायचं, आणि त्यानंतर तासभर जप. जप होईपर्यंत कॉफी नाही."

"असलं व्रत अहे कीं?" तिने विचारलं.

"आजपासून आहे," मी म्हटलं.

आमच्या घरांतून आजाराला शंभर प्रश्न विचारतात, व्रताला एकही नाही. कुमुदाने घरी सांगितलं आणि सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत सुनेने आपणहून धरलेलं हे पहिलं व्रत. तुळशीपाशी तांब्याभांडं त्याच स्वतः मांडून ठेवायला लागल्या आणि जपाच्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोललं तर त्याला दटावायला लागल्या. कुमुदा तीर्थाबरोबर गोळी घेऊन डोळे मिटून बसायची. बहुतेक दिवशी मनात पाढे म्हणते, असं तिने मला फोनवर सांगितलं. त्या वाक्यात जुन्या कुमुदाचा एक बारीक धागा होता. मी फोन ठेवल्यावरही तो जरा वेळ धरून बसले.

आवणीच्या थोडं आधी सेतुराव एकटाच आला, मागच्या दाराने. बसला नाही. म्हणाला, "अक्का, ती काल हसली."

"बरं मग?"

"मोठ्यानें. रंजनीनें काय सांगितलं ठाऊक नाहीं, दोघी स्वैपाकघरांत हसत होत्या. मला हात-पाय गार पडल्यासारखं झालं."

आता बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण या आजाराच्या घरांत ही भीती असते. हसू आलं की भरती आली असं वाटतं. जी माणसं दुःखाला सरावलेली असतात, ती आनंदाला घाबरतात. मी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. झोपते का? झोपते, गाढ. खर्च करते का, न थांबता बोलते का, चिडते का? नाही. एका कामातून दुसऱ्या कामात उड्या मारते का? नाही, लाडवांचा पाक बिघडला तर शांतपणे दुसरा केला.

"मग ते नुसतं हसणं आहे, सेतुराव," मी म्हटलं. "झोप येते तोवर हसण्याला घाबरायचं नाही. झोप उडाली तर त्याच दिवशी मला फोन करायचा."

तो खुर्चीवर बसला. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता. "किती वर्षांनीं ऐकलं," असं तो म्हणाला, मला नाही, चष्म्याला. मग उठला, दारापर्यंत गेला आणि पाठमोराच बोलला.

"तें व्रत, अक्का. तुम्हींच सांगा तिला. लग्न झालें तरी सोडायचं नाहीं म्हणून."

त्याला कळलेलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही, आणि तोही थांबला नाही. एका घरात नवरा-बायको दोघंही एकमेकांपासून तेच गुपित सांभाळत होती, आणि दोघांचं ऐकून घेणारी मी तिसरी.

लग्नाच्या आधी कुमुदा एकदा तपासणीसाठी आली. स्वेटर नव्हता. चेहरा उतरला होता, म्हणजे सूज उतरली होती. आकडा खूपच खाली आला होता. आवाज मात्र अजून घोगराच होता. या आजारात आवाज बहुतेक शेवटी परत येतो, कधी पुष्कळ महिने घेतो. तिने कॉफी घेतली आणि थोडं बोललीही. मग कप खाली ठेवून म्हणाली, "अक्का, ह्यापुढें मला एथें येतां यायचं नाहीं."

मला माहीत होतं. रंजनीचं सासर माझ्या मागच्याच गल्लीत होतं, परगावाहून नुकतंच तिथे राहायला आलेलं. त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, संध्याकाळी विहीणबाई बसत, आणि माझं मागचं दार तिथून सरळ दिसतं. विहीण डोक्याच्या डॉक्टरकडे जाते हे त्यांना कळलं, तर भोगायला रंजनी होती. मी तिरुचीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं नाव दिलं, चांगली मुलगी आहे, कुमुदाचं सगळं तिला फोनवर समजावून सांगितलं. सल्ला द्यायला सोपा होता. मी तो अगदी नीट दिला.

जाताना कुमुदाने माझा हात धरला. "रस्त्यांत दिसलें तर," ती म्हणाली आणि थांबली.

"तर ओळख दाखवायची नाही," मी पुढचं बोलले. "मला चालतं. सवय आहे." सवय आहे हे खरं होतं, चालतं हे खरं नव्हतं.

लग्न झालं. नादस्वरम माझ्या खिडकीतून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सेल्वी मांडवातल्या स्वयंपाक्यांकडून बातमी घेऊन आली, की मुलगी निघाली तेव्हा तिची आई खूप रडली, लहान मुलीसारखी, आणि मुलाकडची माणसं म्हणत होती, एवढी कमी बोलणारी बाई, पण माया पाहा. मी सेल्वीला म्हटलं, बरं झालं. नेहमीचं पुडकं मात्र आलं नाही. येणारच नव्हतं, त्या गल्लीतून ते कोण आणणार?

त्यानंतर पोंगल गेला, उन्हाळा परत आला. माझ्या धंद्यात गोष्टीचा शेवट बघायला मिळत नाही. बरा झालेला पेशंट येत नाही, आणि यायलाही नको. तरी कुमुदाचा शेवट मला हवा होता. तिची पाव तासाची बडबड मला परत मिळणार नव्हती, पण ती बडबड तिला परत मिळाली की नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. तिरुचीच्या विद्यार्थिनीला फोन करून विचारता आलं असतं. नंबर काढायची आणि ठेवून द्यायची. आता ती तिची पेशंट होती.

परवा सकाळी मी भाजीला गेले होते. वांगी निवडत होते आणि पलीकडून दोघी बायका आल्या. एक रंजनीची सासू. तिला मी चेहऱ्याने ओळखते, तिनेही मला येता-जाता पाहिलेलं, पण गावात नवी असल्याने मी कोण आणि काय करते हे तिला नीट ठाऊक नसावं. दुसरी कुमुदा. सुती साडी, अंगावर बाकी काही नाही, कपाळावर घाम. तो घाम पाहून मला किती बरं वाटलं हे डॉक्टरांनाच कळेल. तिचे पाय भराभर पडत होते.

मी नजर वांग्यांवर ठेवली. पण विहीणबाई थबकल्या. त्यांनी मान माझ्याकडे केली आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, विचारलं, "ह्या कोण हो? आपल्यांतल्या वाटतात. तुम्हांला ठाऊक अहे कीं?"

कुमुदाने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर. मग भाजीवाल्याच्या, रिक्षांच्या आणि देवळाच्या लाउडस्पीकरच्या वरून सहज ऐकू येईल असं बोलली.

"नाहीं हो. मला नाहीं ठाऊक."

पातळ आणि लख्ख. घशात कुठे काही अडकलेलं नाही, शब्द ओढलेला नाही. लगेच तिने भाजीवाल्याला वांग्यांवरून काहीतरी टोमणा मारला, तो हसला, विहीणबाई हसल्या, आणि दोघी पुढे गेल्या. मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले, आवाज गर्दीत मिसळेपर्यंत.

एवढ्या वर्षांत कुणी मला ओळखत नाही म्हटल्यावर मला असा आनंद कधी झाला नव्हता. घरी येऊन तो सांगायला कुणी नव्हतं. रात्री मुलाला फोन लावला, आणि तो उचलल्यावर, मी बरी आहे, तू जेवलास का, एवढंच बोलले.